नाक धर, आनि फुक

काळाचौकीतल्या आम्हा पोरांना समुद्र भिंतीपलीकडचा होता. शिवडीच्या बाजूला गोदीची भिंत, गाळ, ओहोटीचा वास, एवढीच त्याची ओळख. चाळीत निम्मी बिऱ्हाडं मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची, वडील गिरणीत, आणि पोहता येणारा मुलगा शोधून सापडायचा नाही. मे महिन्यात गावी गेलो की काका पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत सोडायचा आणि स्वतः शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा. मी डब्याच्या नव्हे, त्याच्या भरवशावर हातपाय मारायचो. पुढे तारकर्लीच्या पाण्यात काका पुन्हा आठवला.

पर्यटन महामंडळाने स्थानिक तरुणांना हाताशी धरून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंग आणि स्कुबा सुरू केलं, ते 2010 च्या आसपास. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. ज्या कुरटे बेटावर 1664 मध्ये किल्ल्याची पायाभरणी झाली, त्याच्याच खडकांना प्रवाळ लागलेलं आहे, हे आम्हा चाकरमान्यांना ठाऊकच नव्हतं. सरकारने 1987 साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला होता. आम्ही मात्र होडीतून किल्ल्यावर जायचो आणि शहाळं पिऊन परत यायचो.

मी पहिल्यांदा उतरलो तो दिवाळीच्या सुट्टीत. होडीवरचा मुलगा विशीतला, गाबीत घरातला, वडिलांबरोबर जाळी ओढून खांदे भरलेला.

"खयचे तुमी?"

"मुंबई."

"मुंबयत खय?"

"काळाचौकी."

"मगे गाव खयचा?"

गाव सांगितल्यावर तो हसला आणि माझा मास्क स्वतःच्या हाताने घट्ट केला. मग शिकवणी. "नाक धर, आनि फुक. कानात टक् झाला काय माका सांग. श्वास धरून ठेवूचो नाय, काय झाला तरी." चौकशी होईपर्यंत मी 'तुमी' होतो, शिकवणी सुरू झाली तसा 'तू' झालो. मला ते बरं वाटलं.

पाच-सहा मीटर पाणी म्हणजे काय, असं वाटतं. पण दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सगळ्यात झपाट्याने फरक पडतो तो याच वरच्या थरात. दोन-तीन मीटरवरच कान दुखू लागतात. श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि घाबरलेला माणूस नेमका श्वासच कोंडतो. म्हणून गाइड पाठीमागून टाकी धरतो, जॅकेटमध्ये हवा कमी-जास्त करतो आणि त्याचं लक्ष बुडबुड्यांवर असतं. ते थांबले की समोरच्याने श्वास धरला. माझे थांबले होते. त्याने समोर येऊन माझ्या डोळ्यांत बघत स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवला, दोनदा, तीनदा, माझे बुडबुडे पुन्हा सुटेपर्यंत. मासे मी त्यानंतर पाहिले.

पुढच्या वर्षांत तारकर्लीला महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथल्या खोल तलावात शिकून कोळ्यांची पोरं डाइव्ह मास्टर झाली. बापाचा समुद्र मुलाला दुसऱ्या अंगाने कळला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण गर्दी वाढली तसे भावही पाडले जाऊ लागले. एका नाताळात पुतण्याला घेऊन गेलो. होडी भरलेली, सूचना तीन मिनिटांत उरकलेल्या, आणि व्हिडिओसाठी 'हात हलवा' हे मात्र चारदा सांगितलेलं. पोराला घाईत खाली नेलं. वर आला तेव्हा मास्कमध्ये नाकाचं रक्त होतं. गाइड दमलेला होता, सकाळपासून त्याची कितवी फेरी होती कोण जाणे. मला राग त्याचा नाही आला, त्याच्याकडून शिकवणीची दहा मिनिटं काढून घेणाऱ्यांचा आला. नवख्याला पाण्याखाली जे काही मिळतं, ते त्या दहा मिनिटांत ठरतं. प्रवाळाचंही तेच. पाय कुठे ठेवायचा नाही हे वरच सांगितलं नाही, तर भांबावलेला माणूस आधार शोधत प्रवाळावरच उभा राहतो.

24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कुबाहून परतणारी 20 पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या रात्री आमच्याकडे फोनांची रीघ लागली होती, कारण मे महिन्यात अर्धी काळाचौकी गावी असते. तेव्हापासून मी आधी होडीत माणसं मोजतो, मग लाइफ जॅकेटं मोजतो.

गेल्या हिवाळ्यात लेकीला नेलं. या वेळचा गाइड चाळिशीकडे झुकलेला. त्याने उथळ पाण्यात तिला गुडघ्यांवर बसवून अर्धा तास खुणा घोटून घेतल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. आडवा पंजा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. अंगठा वर म्हणजे वर चला. मग दोघं खाली गेली. मी होडीच्या काठावरून बुडबुडे बघत बसलो. पाच मिनिटंही झाली नसतील, दोघं सावकाश वर आली.

"काय झालं?" मी ओरडलो.

"काहीच नाही! एवढे मासे होते, म्हणून मी मस्त म्हटलं," ती जवळजवळ रडकुंडीला आलेली. तिने अंगठा दाखवला होता, रोज फोनवर पाठवते तसा.

गाइडने तोंडातला रेग्युलेटर काढला. "तू आंगठो दाखवलंस, मी तुका वर आणलंय. खाली इचारूक वेळ नसता." मग टाकीतली हवा तपासली, तिचं बोट धरून वर्तुळ करून घेतलं. "ह्या मस्त. चल."

आणि तिला पुन्हा खाली घेऊन गेला.