पितळकामाचे तेजाबपाणी धानाच्या बांधीत नको

भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची. भांडी उजळलेल्या तेजाबात तांबे व जस्त उतरते. धानाला जस्त हवे, म्हणून हे पाणी बांधीत सोडू नये. तांबे जमिनीत साठून मुळांची वाढ खुंटवते.

ते नाल्यात, बोडीत किंवा विहिरीजवळही ओतू नये. हातमोजे व चष्मा घालून, उघड्या जागी प्लास्टिकच्या टाकीत घ्यावे. चुन्याचे पातळ दूध थोडेथोडे घालून ढवळावे. सामू ९ च्या आसपास आला की धातूंचा गाळ तळाशी बसतो.

हा गाळ खत नव्हे. गाळ व वरचे पाणी कोठे द्यावे, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे. माती परीक्षणात जस्ताची कमतरता आढळल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे.