नानावटी खटला : अपील नव्हतेच!

ज्युरीने नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना सोडले आणि मुंबई उच्च न्यायालयाने अपिलात तो कौल उलटवला, असे आजही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात उच्च न्यायालयापुढे अपील नव्हतेच.

ज्यांच्या खुनाचा खटला नानावटींवर चालला, त्या प्रेम आहुजा यांचा २७ एप्रिल १९५९ रोजी गोळ्या लागून मृत्यू झाला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा कौल पटला नाही. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०७ नुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. केवळ मतभेद असून भागत नव्हते. न्यायासाठी असे पाठवणे आवश्यक आहे, अशी त्यांची स्पष्ट धारणा असावी लागे.

हा फरक तांत्रिक वाटला, तरी सारा निकाल त्यावर उभा आहे. अपील असते, तर उच्च न्यायालयाचे हात बांधलेले असते. न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचे मार्गदर्शन केले किंवा ज्युरीला कायदाच नीट समजला नाही, असे दिसले तरच कौलात हस्तक्षेप करता येई. कलम ३०७ खाली मात्र न्यायाधीश आणि ज्युरी या दोघांच्याही मतांना योग्य वजन देऊन संपूर्ण पुरावा नव्याने तपासता येत होता. न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी मार्च १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाचे अधिकार इतके व्यापक नाहीत, हा बचाव पक्षाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी फेटाळला. संतापाच्या भरात गोळ्या सुटल्या, हेही मान्य झाले नाही : नानावटी दीडला घरून निघाले आणि खून ४.२० ला झाला. मन ताब्यात आणायला तेवढा वेळ पुरेसा होता. माझ्या मते इथे ज्युरीचा अपमान झाला नाही. कायद्याने ठेवलेली वाट न्यायाधीशांनी वापरली.

या खटल्यामुळेच ज्युरी गेली, हेही अर्धसत्य. विधी आयोगाने ती बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याआधीच केली होती. १९७३च्या संहितेत तिला जागा उरली नाही.

आणि राज्यपालांनी नानावटींना लगेच माफ केले, असेही नाही. १९६० मध्ये शिक्षा फक्त स्थगित झाली होती. प्रकरण आपल्यापुढे असताना असा आदेश चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. माफी मिळाली ती १९६४ मध्ये, विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना.