अकरा नऊ आणि तीस दिवस

दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात तिथल्या सरकारचं मोठं डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पाचव्या मजल्यावरच्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि आग पूर्ण विझेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. त्यात 'जी-ड्राइव्ह' ही सरकारी क्लाउड सेवा समूळ गेली. कामाच्या फायली ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, इथेच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना बजावलेलं होतं. त्यासाठी प्रत्येकाला ३० जीबी जागाही दिलेली होती. सुमारे सव्वा लाख लोकांनी ते मुकाट ऐकलं. एकूण ८५८ टेराबाइट मजकूर जमला आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. साठा इतका अवाढव्य, की बाहेर बॅकअप ठेवणं जमत नव्हतं, असं कारण पुढे आलं.

हे 'अवाढव्य' जरा मोजून पाहू. आज २० टेराबाइटची हार्ड डिस्क बाजारात सहज मिळते. ८५८ टेराबाइटला अशा ४३ डिस्क पुरतात आणि त्यांचं सगळं मिळून वजन भरेल तीसेक किलो. नुसत्या डिस्क आणल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही हे मान्य. रॅक लागतो, नेटवर्क लागतं, रोज लक्ष घालणारी माणसं लागतात. पण एका देशाच्या सव्वा लाख कर्मचाऱ्यांच्या कामाची दुसरी प्रत ४३ डिस्कांत बसत होती, हा हिशेब काही हलत नाही.

क्लाउड सेवा निवडायला बसलं की आपल्यासमोर येतात ते आकडे मात्र भलतेच दिपवणारे असतात. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा मार्च २००६ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये, पंधराव्या वर्षी, कंपनीने जाहीर केलं की तिथल्या वस्तूंची, म्हणजे ठेवलेल्या फायलींची, संख्या १०० लाख कोटींच्या वर गेली आहे. म्हणजे एक कोटी कोटी. भास्कराचार्यांच्या मोजणीत याला जलधी म्हणतील. याच सेवेचा दुसरा प्रसिद्ध आकडा अकरा नवांचा. ठेवलेली वस्तू वर्षभर शाबूत राहण्याची शक्यता ९९.९९९९९९९९९ टक्के असावी, अशा बेताने ती रचलेली आहे. ॲमेझॉनच्याच शब्दांतला अर्थ असा, की तुम्ही एक कोटी वस्तू ठेवल्यात तर दहा हजार वर्षांत एखादी हरवेल. घरचे पन्नास हजार फोटो धरले तर एक फोटो गहाळ व्हायला सरासरी वीस लाख वर्षं लागतील. तोवर फोटोतल्या मंडळींना ओळखणारं कोणी उरलं तर नवल.

आता हाच आकडा कंपनीच्या बाजूने लावून बघा. एक कोटी कोटी वस्तू आणि अकरा नऊ यांचा गुणाकार केला तर वर्षाला हजारेक वस्तू गहाळ व्हायला कागदोपत्री मुभा आहे. प्रत्यक्षात किती जातात हा वेगळा प्रश्न, कारण अकरा नऊ हे रचनेचं उद्दिष्ट आहे, पंचनामा नव्हे.

हे नऊ येतात कुठून, ते जास्त मजेदार आहे. डिस्क मरतात, आणि नेमाने मरतात. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डिस्कांच्या मृत्यूची आकडेवारी वर्षानुवर्षं उघडपणे छापते, आणि या धंद्यात इतका प्रामाणिकपणा दुर्मीळच. २०२४ मध्ये तिच्याकडे तीन लाखांवर डिस्क फिरत होत्या आणि वार्षिक मृत्युदर होता १.५७ टक्के. म्हणजे दिवसाला डझनभर डिस्क जातात. तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही, कारण फाइल एका डिस्कवर नसतेच. तिचे १७ तुकडे होतात, त्यांच्यावरून गणिताने आणखी ३ तुकडे काढतात आणि हे २० तुकडे वीस वेगवेगळ्या यंत्रांवर जातात. त्यांतले कुठलेही १७ हाती लागले की फाइल जशीच्या तशी उभी राहते. खर्च पाहा: पूर्ण दुसरी प्रत ठेवायची तर जागा दुप्पट लागते आणि एकच डिस्क गेलेली सोसते. इथे जागा जेमतेम १८ टक्के जास्त लागते आणि तीन डिस्क एकदम गेलेल्या चालतात. क्लाउड स्वस्त का, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्या आळसात.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं तेव्हा १ जीबी जागा फुकट, ही लोकांना एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. पुढे प्रत्येकाने आकडा वाढवत नेला, आणि एक दिवस कोणीतरी 'अमर्याद' हा शब्द वापरायचाच होता. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हवर तो वापरला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मागे घेतला. मागे घेताना कारण दिलं, की काही ग्राहकांनी सिनेमांचे अख्खे संग्रह आणि टीव्हीची रेकॉर्डिंग चढवली, काहींनी तर ७५ टेराबाइटच्या वर. सरासरीच्या १४,००० पट. रागाच्या भरात कंपनी एक गुपित बोलून गेली. ७५ टेराबाइटला १४,००० ने भागा. उत्तर येतं साडेपाच जीबीच्या आत-बाहेर. अमर्याद जागा दिली तरी सर्वसाधारण माणूस एवढंच ठेवतो! कोरियाचे ८५८ टेराबाइट सव्वा लाखांत वाटले तरी माणशी सात जीबीच्या आसपासच येतात, ३० जीबी मिळालेले असताना.

म्हणून फुकट जागेची जाहिरात वाचताना मी तिला भागाकाराचं गणित समजतो. ऑगस्ट २०२४ च्या रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओच्या ग्राहकांना १०० जीबीपर्यंत क्लाउड फुकट देण्याची घोषणा केली. तेव्हा ग्राहक होते ४९ कोटी. सगळ्यांनी जागा काठोकाठ भरली तर ४९ एक्झाबाइट होतात. त्याला २० टेराबाइटच्या साडेचोवीस लाख डिस्क लागतील, त्याही एकाच प्रतीसाठी, आणि बॅकब्लेझचा मृत्युदर लावला तर रोज शंभरावर डिस्क बदलाव्या लागतील. पण माणशी साडेपाच जीबी धरा, आणि तोच डोंगर एक लाख पस्तीस हजार डिस्कांवर येतो. देणाऱ्याला हे आधीपासून माहीत असतं. आपल्याला विकतात ती बरीचशी रिकामी जागा असते.

फोटोंनी मात्र हे गणित बिघडवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये गुगलने सांगितलं, की गुगल फोटोजमध्ये ४ लाख कोटींहून जास्त फोटो आहेत आणि दर आठवड्याला २,८०० कोटी फोटो-व्हिडिओंची भर पडते. सेकंदाला ४६ हजार! हे वाक्य वाचेपर्यंत दोनेक लाख झाले असतील, आणि सकाळची वेळ असेल तर त्यात सूर्योदय आणि सुविचार किती, हे सांगायला नको. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि सगळं १५ जीबीत मोजायला लागले. त्या पंधरात जीमेल, ड्राइव्ह, फोटो हे तिघे आधीपासून होते. २०२४ च्या सुरुवातीपासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही येऊन बसला. १५ जीबी हा २०१३ चा आकडा आहे. तेव्हापासून फोनचे कॅमेरे कुठल्या कुठे गेले, पंधराचे सोळा काही झाले नाहीत. ॲपलचे ५ जीबी तर २०११ पासूनचे आहेत.

सिंक, म्हणजे एकच फोल्डर आपल्या सगळ्या यंत्रांवर सारखा ठेवणं, हा प्रकार यातला सगळ्यात गैरसमजाचा. ड्रॉपबॉक्स फाइलचे जास्तीत जास्त ४ एमबीचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यावरून २५६ बिटांची एक ओळखसंख्या काढतं. एक जीबीच्या फाइलमध्ये तुम्ही एक शब्द काढून तेवढ्याच लांबीचा दुसरा घातलात तर अडीचशे तुकड्यांपैकी बहुधा एकाचीच ओळखसंख्या बदलते आणि तेवढेच ४ एमबी वर जातात. पण दोन वेगळ्या तुकड्यांची ओळख चुकून सारखी निघाली तर? २५६ बिटांत मावणाऱ्या संख्या किती, हे लिहायला ७८ अंक लागतात. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा ढोबळ अंदाज याच्या फक्त हजारेक पट आहे. २०१६ मध्ये ड्रॉपबॉक्सने ॲमेझॉनकडचा बहुतेक साठा स्वतःच्या यंत्रांवर हलवल्याचं सांगितलं, तेव्हा तो ५०० पेटाबाइटच्या वर होता. त्याचे साडेबारा हजार कोटी तुकडे धरले, तरी कुठल्याही दोन तुकड्यांची ओळख जुळण्याची शक्यता लिहिताना दशांश चिन्हानंतर ५५ शून्यं द्यावी लागतात. इतकी खात्री आपल्याला आयुष्यात दुसऱ्या कशाची नसते. (जाता जाता: त्या स्थलांतराने दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरांच्या आसपास वाचवले. दुसऱ्याच्या क्लाउडवर राहणं क्लाउडवाल्यांनाही परवडेनासं होतं.)

आणि एवढी सगळी यंत्रणा तुमची चूकही तितक्याच चोखपणे पोहोचवते. लॅपटॉपवर फोल्डर पुसला की तो फोनवरून जातो, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून जातो, बहिणीशी शेअर केला असेल तर तिच्याकडूनही जातो. अकरा नऊ डिस्क मेल्या तर वाचवतात. मालकाने स्वतः 'डिलीट' दाबलं, तर यंत्रणेच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. तिथे कामाला येतो तीसचा आकडा. गुगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवस, वनड्राइव्हची घरगुती खात्यांवर ३०, आयक्लाउडची ३०, ड्रॉपबॉक्सच्या साध्या योजनेतही ३०. दिवाळीत पुसलेला फोल्डर संक्रांतीला आठवला तर विश्वातल्या अणूंचा काही उपयोग नाही. सेवा निवडताना मी हा आकडा जीबीच्या आधी बघेन. जादा पैसे देऊन तो वाढत असेल आणि फायली कामाच्या असतील, तर पैसे तिथे घालावेत.

दुसरा दुर्लक्षित आकडा अपलोडचा. एक टेराबाइट चढवायला १० एमबीपीएसने सव्वानऊ दिवस लागतात, १०० ने बावीस तास. उलट पुण्याहून दादरला जाणाऱ्या शिवनेरीत एकाने ४ टेराबाइटची डिस्क खिशात घालून चार तास प्रवास केला, तर त्या बसचा वेग पडतो २,२०० एमबीपीएस, घाटातली कोंडी धरून. हा विनोद नाही. ॲमेझॉनने २०१६ मध्ये नेमकं हेच केलं: 'स्नोमोबाइल' नावाचा ४५ फुटी कंटेनर ट्रकला जोडला आणि त्यात १०० पेटाबाइट भरायची सोय केली. एक एक्झाबाइट १० जीबीपीएसच्या तारेवरून पाठवायचं तर पंचवीस-सव्वीस वर्षं जातात, म्हणून. २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली.

आपल्याला ट्रक लागत नाही, पण बाहेर पडायची वाट आधीच पाहून ठेवावी. गुगलकडून आपला सगळा डेटा परत घेता येतो, टेकआउट नावाच्या सोयीने. तिथे फाइलचा आकार २ जीबीच राहू दिला तर एक टेराबाइटच्या पाचशे झिप फायली हाती पडतात. तो आकार ५० जीबीवर नेला की वीस.

डेटा कुठे राहतो, याची घरगुती ग्राहकाने फार चिंता करू नये. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' विभाग पुण्यात आहे. पुणं भारताच्या मध्यभागी आहे हे पुणेकरांना कंपनीने सांगायची गरज नव्हती. एकाच कंपनीची दोन शहरं म्हणजे मात्र दोन प्रती, असं समजू नये. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गुगल क्लाउडवरचा खाजगी क्लाउड गुगलच्याच एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसला गेला, आणि तोही जिथे ठेवला होता त्या दोन्ही ठिकाणांहून. सहा लाखांवर सभासद आठवडाभर खोळंबले. फंड पुन्हा उभा राहायला दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचीही मदत झाली.

त्यामुळे गुगल घ्यावं, ॲपल, मायक्रोसॉफ्ट की ड्रॉपबॉक्स, यावर मी फार वाद घालणार नाही. फोन ज्याचा, त्याची सेवा सोयीची पडते. गुगलचे १०० जीबी बरीच वर्षं महिना १३० रुपयांना मिळत आले आहेत. साडेपाच जीबीच्या सरासरी माणसाला ते काय, २०० जीबी काय, सारखेच. दोन टेराबाइटची योजना घेण्याआधी व्हॉट्सॲपचे ग्रुप साफ करून पाहावेत. वाचलेल्या पैशांतून एक बाहेरची डिस्क घ्यावी, तीनेक महिन्यांतून एकदा तिच्यावर सगळं उतरवावं आणि मग तार काढून ठेवावी. जोडलेली डिस्क सिंकमध्ये गेली की तीही त्याच चुकीत सामील होते.

एक आकडा राहिला, दोन वर्षांचा. तेवढा काळ वापरात नसलेलं वैयक्तिक गुगल खातं कंपनी आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून तशी सुरुवात झाली आहे. माणूस गेला की त्याचं खातं याच घड्याळावर चालू लागतं. त्यावर गुगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ३ ते १८ महिने गप्प राहिलं तर कळवायचं कोणाला आणि डेटा द्यायचा कोणाला, अशी दहा जणांपर्यंतची नावं त्यात घालता येतात. ॲपलच्या 'लेगसी कॉन्टॅक्ट'मध्ये पाच. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे भरायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्यातली आठ पासवर्ड कुठल्या डायरीत लिहिला होता ते शोधण्यात जातात.