अर्धा जोडलेला कॉम्प्युटर

मैत्रिणींनो, भिशी लागली की आपण आधी दागिना बघतो. आमचं खामगाव तर चांदीचंच गाव! पण यंदा माझी भिशी कॉम्प्युटरला गेली. लेकीचा डिप्लोमा सुरू झाला, तयार कॉम्प्युटर काही तेवढ्या पैशांत बसेना. शेवटी अकोल्याहून अर्धा जोडलेला संच आणला. डब्यात मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय आधीच बसवलेले; प्रोसेसर, रॅम अन् एसएसडी आपण बसवायची. "पैसे पाण्यात जातील बरं," हे म्हणाले. माझीही छाती धडधडतच होती.

निम्मं काम खरेदीतच असतं. मदरबोर्डचं मॉडेल कागदावर लिहून न्या. त्यावर कोणता प्रोसेसर चालतो, याची यादी कंपनी देते. डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ रॅम बसतच नाही, दोघींची खाच वेगळ्या ठिकाणी. प्रत्येक भागाचं बिल जपा, कारण वॉरंटी वेगवेगळी असते.

जोडायला बसताना प्लग काढलेला हवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत नायलॉनची साडी चटचट करते ना? तेवढी वीजही चिपला बाधू शकते. म्हणून सुती साडी नेसा, अधूनमधून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. खुणेला खूण जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. त्यावरच्या कूलरच्या तळाला पेस्ट लावलेली आली असेल, तर तिला बोट लावू नका.

रॅमला मात्र जोर लागतो, आणि तिथेच मी चुकले. बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच! भिशीचे सगळे हप्ते डोळ्यांपुढे आले. ह्यांनी पेपरमधून मान वर केली नाही, तेवढे उपकारच. लेक म्हणाली, "आई, रॅम काढून परत बसव." भीतीपोटी मी ती नुसती टेकवली होती. प्लग काढून दोन्ही टोकं दाबली तेव्हा कुठे खट्ट वाजलं, अन् पडद्यावर अक्षरं उमटली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "जोडलाच ना फक्त?" मी म्हटलं, काकू, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम ८०००' महासंगणक उभारला, तोही बाहेरच्या ट्रान्सप्युटर चिपा एकमेकींना जोडूनच. अर्थात त्यांची जोडणी आणि माझी, यात जमीन-अस्मानाचं अंतर!

डब्याच्या पुढचा दिवा अजून लागत नाही. दोन तारा उलट लागल्या असणार. शाळेला सुट्टी आहे रविवारी, तेव्हा बघीन.