रेंज आहे, पण नेट आहे का?

नेट चालू आहे की नाही हे अ‍ॅपने ओळखायचं कसं? त्यावर दोन-चार ओळींचा ठरलेला कोड सांगितला जातो आणि तो वर्षानुवर्षं एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात उतरत राहतो. त्या ओळींमागे काही गैरसमज दडलेले असतात. ते भोवतात ते लांबलचक फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबणाऱ्या माणसाला, म्हणून ते दूर व्हायला हवेत.

‘वायफाय जोडलं गेलं, म्हणजे इंटरनेट आलं’ हा त्यातला सर्वांत पसरलेला. फोन जोडला जातो तो जवळच्या राउटरला किंवा टॉवरला. तिथून पुढची वाट मोकळी आहे का, हे त्या जोडणीवरून कळत नाही. रेल्वे स्थानकांवरचं मोफत वायफाय आठवा. गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून त्याची सुरुवात केली. अशा वायफायला फोन जोडला की खूण दिसू लागते, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकेपर्यंत बाहेर काहीच जात नाही. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. साध्या एचटीटीपीने मागितलेल्या माहितीच्या जागी तो लॉगिनचं पान देतो, तेही ‘२००, सगळं ठीक’ अशा शेऱ्यासह. उत्तर न तपासणारं अ‍ॅप ते पानच खरी माहिती समजून साठवून ठेवू शकतं.

फोनची प्रणाली हे ओळखते ती युक्ती सुंदर आहे. अँड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवतं. तिथून २०४ हा संकेत यायला हवा, म्हणजे ‘विनंती पोचली, द्यायला मजकूर नाही’. त्याऐवजी एखादं पान आलं किंवा दुसरीकडे वळवलं गेलं, तर मध्ये कुणीतरी अडवतं आहे हे उघड होतं. अ‍ॅपलचे फोन एका छोट्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतात. विंडोजही अशीच एक छोटी फाइल मागवून पाहतं. अँड्रॉइड ६ (२०१५) पासून या तपासणीचा निकाल अ‍ॅपलाही ‘व्हॅलिडेटेड’ या गुणातून विचारता येतो. शेजारचा ‘इंटरनेट’ हा गुण फसवा आहे: हे नेटवर्क इंटरनेट देण्यासाठी आहे, एवढंच तो सांगतो, ते मिळतं आहे असं नाही. ‘नेटवर्क इन्फो’ची जुनी पद्धत तर अँड्रॉइड १० (२०१९) पासून कालबाह्य ठरवलेली आहे, तरी ती अजून सर्रास भेटते. ब्राउझरमधल्या ‘ऑनलाइन’ या खुणेचंही तसंच. ‘नाही’ म्हणाली तर बहुधा खरं. ‘हो’ म्हणाली तर संगणक कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेला आहे, इतकंच समजावं.

मग ८.८.८.८ ला पिंग करावं का? हा गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता. अनेक कार्यालयांच्या नेटवर्कवर पिंग बंद असतं, तेव्हा नेट असूनही उत्तर येत नाही. उलट पिंग पोचलं तरी तुमचा सर्व्हर सुरू आहे का, हे कळत नाही. पत्ता आकड्यांत असल्यामुळे डीएनएस बिघडलेलं असलं तरी ते लक्षात येत नाही. शिवाय दर काही सेकंदांनी पिंग करत राहिल्यास बॅटरी उतरते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज वेगळाच आहे: आधी तपासायचं, मग पाठवायचं. कर्जत-लोणावळा घाटात गाडी बोगद्यात शिरते, तेव्हा तपासणीच्या क्षणी असलेलं नेट पाठवण्याच्या क्षणी गेलेलं असतं. म्हणून तपासणी कितीही चोख असली तरी अपयश हाताळणारा कोड लिहावाच लागतो. आणि तो नीट लिहिला, तर आधीच्या तपासणीवाचून काही अडत नाही. विनंती थेट पाठवावी. २०१७ च्या आयओएस ११ पासून जोडणी येईपर्यंत विनंती थांबवून ठेवण्याची सोय आहे, आणि अँड्रॉइडवर ‘वर्क मॅनेजर’ नेटवर्क मिळाल्यावर काम सुरू करतो.

इथे एक नाजूक बाब आहे. उत्तर आलं नाही, म्हणजे विनंती पोचली नाही असं नव्हे. पैसे भरण्याची विनंती सर्व्हरपर्यंत गेली आणि उत्तर परतताना हरवलं, तर दुसऱ्या प्रयत्नात पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. यासाठी प्रत्येक व्यवहाराला अ‍ॅपनेच एक वेगळा क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवावा, म्हणजे सर्व्हरला तो व्यवहार ओळखता येतो. माझ्या मते नेट तपासण्यावर खर्च होणारी मेहनत आधी इथे लागायला हवी.

‘नेट आहे’ आणि ‘नेट नाही’ यांच्या मधली अवस्थाही असते. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ३ एमबीचा फोटो जायला सहा मिनिटांहून अधिक लागतात. दहा सेकंदांत हात टेकणारं अ‍ॅप त्याला ‘इंटरनेट नाही’ म्हणतं, आणि माणूस विनाकारण फोन बंद-चालू करत बसतो.

जोडणीच्या खबरीचा उपयोग आहेच. नेटवर्क बदललं की प्रणाली अ‍ॅपला स्वतःहून कळवते. ती सूचना मिळताच अडकलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. तोपर्यंत भरलेला फॉर्म फोनमध्येच जपून ठेवावा आणि पडद्यावर लिहावं: ‘माहिती सुरक्षित आहे, नेट आल्यावर पाठवली जाईल.’