येळवशीचं पान आणि गव्हाविना जेवण

वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, अणदूरच्या शिवारात जी पंगत बसते, तिच्यातली गव्हाची खीर तेवढी बाजूला ठेवा. उरतात ज्वारी-बाजरीचे उंडे, तूर-वाल-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील. यात ग्लुटेन नाही. सिलिअॅकचं निदान झालं की शहरात महागडे पुडे शोधायला धावतात. तुळजापूर तालुक्यात कणगीत हात घातला तरी भागतं. खीर खपलीची असली तर चालते, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. चालत नाही. खपली हाही गहूच.

गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारी तिथली लव झिजते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह, फोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सगळंच कमी पडतं. कधी जुलाबाचं नावही नसतं, फक्त गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. अशी फिकट पोरगी आधी त्यांच्याच नजरेत भरू शकते. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नये. केला तर रक्ताची टीटीजी चाचणी फसवी ठरू शकते. आणि आजार नसलेल्यांनी उगाच चपाती सोडण्यात काही अर्थ नाही.

गहू गेल्यावर ताटात काय येतं, यावर पुढचं सगळं ठरतं. रेशनवर गव्हासोबत तांदूळ मिळतो, म्हणून माणूस भातावर सरकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते पाहा: १०० ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम आणि तंतू १० ग्रॅम, म्हणजे जवळपास कणकेइतकेच. पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही नाही, तंतू ३ ग्रॅमच्या आत. मैद्याची नक्कल करणाऱ्या स्टार्चच्या बिस्किटांचीही हीच गत.

ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी; ते डाळीत भरपूर असतं. म्हणून भाकरीशेजारी वरण, पिठलं किंवा हुलग्याचं माडगं हवंच. मेथी-चुका आणि वर पिळलेलं लिंबू असलं की लोह नीट शोषलं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. कॅल्शियमसाठी ताक आणि तीळ. सुरुवातीला दूध बाधतं, कारण ते पचवणारं विकर त्याच झिजलेल्या लवेत असतं. दही-ताक बहुधा सोसतं. बी-१२ मात्र कुठल्याच भाकरीत नाही. ते दूधदुभतं, अंडी, मटण यांतूनच येतं. नाहीतर गोळी घ्यावी लागते.

एवढं सांभाळूनही दुखणं हटत नसेल, तर हिंगाची डबी वाचावी. त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीतही गहू पडतो. सगळ्यात मोठी चोरवाट गिरणीची. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि गव्हाच्या दळणानंतर लगेच टाकलेल्या ज्वारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सकाळचं पहिलं दळण मागूनही दगडात कालचं पीठ असतंच. त्यापेक्षा घरी छोटी चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये.