पोर खातंय, पण अंगी लागत नाही? आधी रक्त तपासा

घरात खायला आहे, पोरगं खातंयही, पण अंगी काही लागत नाही. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे, शी सारखी पातळ, उंची खुंटलेली. रक्तवाढीच्या गोळ्या देऊनही चेहरा पांढराफटक. अशा वेळी आपण काय करतो? दृष्ट काढतो, जंताचं औषध देतो. अंगणवाडीत वजन कमी भरतं, मग लापशी, शिरा, बिस्किटं आणखी चारली जातात. बहुतेक पोरांना ते मानवतं. काही थोड्या पोरांचं दुखणं मात्र त्या गव्हातच असतं.

या आजाराला सीलिॲक म्हणतात. गहू आणि सातूत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं; कणीक तिंबली की चिवट होते ती त्याच्यामुळंच. ज्यांच्यात जन्मतः तशी प्रवृत्ती असते, त्यांतल्या काहींच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटू लागतं आणि शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. अन्नरस शोषणारं आतलं केसाळ अस्तर झिजून सपाट होतं. राखणीच्या कुत्र्यानं घरचंच वासरू फाडावं, तसा प्रकार. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

ही यंत्रणा बिथरली की रक्तात तिच्या खुणा सापडतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. टीटीजी-आयजीए ही त्यातली मुख्य तपासणी. तिचा धागा १९९७ साली जर्मनीत सापडला. सोबत एकूण आयजीए किती आहे तेही पाहावं लागतं. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं, मग आजार असूनही अहवाल 'निर्दोष' येतो. टीटीजी वाढलेलं असलं तर पूर्वी दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहणं ठरलेलंच होतं. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचनांनुसार, टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही तपासणीही होकारार्थी आली, तर तुकडा न काढताही निदान करता येतं. तो निर्णय अर्थात तज्ज्ञ डॉक्टरांचा.

आता खरी गोम ऐका. कुणी सांगितलं म्हणून आधीच गहू बंद करू नका. गहू सुटला की काही महिन्यांत प्रतिपिंडं उतरतात आणि तपासणी फसते. आपल्या जिल्ह्यात तर ही भीती जास्त. भाकरीवर वाढलेल्या पोराच्या पोटात मुळात गहू किती जातो, हे डॉक्टरांना नीट सांगा. चपाती, पाव, खारी, शेवया, सगळं मोजा.

आता तुम्ही म्हणाल, हा तर उत्तरेकडचा आजार. थोडं खरं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोठ्या माणसांमध्ये या आजाराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण उत्तरेत हजारी सुमारे बारा आणि दक्षिणेत हजारी एक असं दिसलं. पण रेशनच्या गव्हानं आणि दुकानच्या बिस्किटानं आपलंही ताट बदललंय, हे ग्रामसेवकांनी आणि अंगणवाडीताईंनी ध्यानात ठेवावं. वजन वाढत नाही अशा पोराला नुसता खाऊ वाढवून न देता बालरोगतज्ज्ञांकडं पाठवावं. आजार ठरलाच तर भावंडांचंही रक्त तपासून घ्यावं.

यावर गोळी नाही. जन्मभर गहू, रवा, मैदा, सातू बंद. पंजाबातल्या माउलीला हे डोंगराएवढं वाटेल; आपल्याकडं मालदांडी आहे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, कशातच हे ग्लुटेन नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती या पोरांना औषधासारखीच.

मात्र गिरणीत जपा. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की जात्यात राहिलेली कणीक पिठात उतरते, आणि एवढीशीही या पोरांना बाधते. उपवासाचं दळण जसं वेगळं दळून घेता, तसं हे घ्या; जमलं तर घरच्या जात्यावर. डबीतल्या हिंगातही बहुधा कणीक असते, तेवढं विसरू नका.